आराधी मेळ्याच्या रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय, ८०,००० रुपये आहेत

मांजराकाठ:

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी कळंब तालुक्यातला. आमच्या घरात आराधी मेळा आहे. आई आणि दोन मावश्या येडाईची, तुळजाभवानीची गाणी म्हणतात, मामा संबळ वाजवतात, गल्लीतली दोन पोरं हलगीवर असतात. थोरल्या मावशीला शंभराच्या वर गाणी तोंडपाठ आहेत आणि त्यातलं एकही कुठं लिहिलेलं नाही. मागच्या वर्षी तिला दम्याचा मोठा झटका येऊन गेला, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे.

आतापर्यंत मोबाईलवर रेकॉर्ड केलं. संबळाची लय चढली की मोबाईलमध्ये नुसता फाटका आवाज येतो, मावशीचे शब्द त्यात बुडून जातात. म्हणून नीट माईक लावून, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं ठरवलंय. सोयाबीनचे ८०,००० रुपये बाजूला काढलेत. लातूरला दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडं गेमिंगचा लॅपटॉप दाखवायलेत, मोठं ग्राफिक कार्ड असलेला. म्हणतात म्युझिकला हाच लागतो. खरंय का? रॅम किती घेऊ? मॅक घेऊ का विंडोज? आमची माडीवरची खोली पत्र्याची आहे, तेही लक्षात घ्या. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पूर्णा_जंक्शन:

भाऊ, धागा वाचून फार बरं वाटलं. ग्राफिक कार्डाचे पैसे आधी वाचवा. ते खेळाला आणि व्हिडिओला लागतं. आवाजाचं सगळं काम प्रोसेसर करतो. उलट काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, तोच आवाजात टकटक आणतो, त्यावर खाली येतो.

आवाज माईकमधून आला की इंटरफेस, म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मधला डबा, त्याचे आकडे करतो आणि लॅपटॉप ते आकडे मुठीमुठीनं उचलतो. एका मुठीत किती आकडे, त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० आकडे येत असतील आणि मूठ ५१२ ची असेल, तर ती भरायलाच १०.७ मिलिसेकंद लागतात. आत जाताना एक मूठ, बाहेर येताना एक मूठ, वर ड्रायव्हरचा थोडा वेळ. मावशीनं तोंडातून काढलेला शब्द तिच्याच हेडफोनमध्ये पंचवीसेक मिलिसेकंदांनी परत येतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मामा शेजारी बसून संबळ वाजवतायत, पण हेडफोनमध्ये ते साडेआठ मीटर लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखे. गाणारा माणूस लगेच घुटमळतो, लय मागं ओढतो, आणि त्याला कळतही नाही काय बिघडलंय.

मूठ १२८ ची केली की ती २.७ मिलिसेकंदांत भरते. पण मग लॅपटॉपला सेकंदाला ३७५ वेळा वाकून उचलावं लागतं. त्यातली एक खेप जरी चुकली तरी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा आवाज बसतो आणि तो नंतर सहजासहजी निघत नाही. म्हणून या कामाचा लॅपटॉप किती जोरात पळतो यापेक्षा मधेच ठेचकाळतो का, ते बघायचं.

ते बघायला लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, चार्जर लावून दहा मिनिटं चालवा, मग चार्जर काढून दहा मिनिटं. लाल पट्टी वर गेली तर कोणत्या ड्रायव्हरमुळं गेली तेही तो सांगतो. बहुतेक वेळा वायफायचा, बॅटरीचा नाहीतर ग्राफिक कार्डाचा निघतो. वायफाय बंद करून परत चालवायचा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, एवढ्या पैशात हा हक्क आहे तुमचा.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर तो वीज वाचवणारा, एच किंवा एचएस असेल तर जोरकस. तुम्ही एच घ्या. रॅम १६ जीबी, पण दोन खाचा असलेली, म्हणजे पुढं वाढवता येईल. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, जलद साठवण. फिरती हार्ड डिस्क मुख्य कामाला नकोच.

कंधारचा_किल्ला:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त एक दुरुस्ती. तुम्ही गाणी बनवत नाही, आहेत ती उतरवून घ्यायलात. अशा कामात मावशींना त्यांचा आवाज लॅपटॉपमधून परत ऐकवायची गरजच नाही. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला येतो, उशीर जवळजवळ नाहीच. मग बफर ५१२ काय, १०२४ ठेवला तरी चालतो आणि मध्यम ताकदीचा लॅपटॉपसुद्धा सहा-आठ ट्रॅक आरामात घेतो.

मला तर वाटतं ८०,००० मधले निम्मेच लॅपटॉपला द्या. तुमच्याकडं गाणाऱ्या तिघी, संबळ आणि दोन हलग्या. दोन माईकचा इंटरफेस घेतला तर पुन्हा सगळं एकात मिसळणार. किमान चार माईक एकदम लागतील असा इंटरफेस बघा. पैसा तिथं कामी येतो.

मांजराकाठ:

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सगळे ८०,००० लॅपटॉपलाच धरून बसलो होतो. माईक मित्राकडून उसने आणणार होतो.

गंजगोलाई:

लातूरला अकरा वर्षं झाली, छोटा स्टुडिओ चालवतो. भजनी मंडळं, भीमगीतं, लग्नाची गाणी, निवडणुकीच्या काळात प्रचाराची, सगळं करतो. मी उन्हाळ्यावर लिहितो, कारण पुण्या-मुंबईकडचं कुणी यावर लिहीत नाही.

मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश नेहमीचं. पत्र्याखाली त्याच्याही वर. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. कागदावर कितीही जबरदस्त असू द्या, दुपारी तीन वाजता त्याचं बळ अर्ध्यावर येतं. बारीक, पातळ, दिसायला देखणे लॅपटॉप यात आधी दमतात. माझा पहिला तसाच होता, नाव घेत नाही. एका भजनी मंडळाचा शेवटचा अभंग चालू होता, पखवाजाची दुप्पट सुरू झाली आणि आवाज तुटायला लागला. बुवा सत्तर वर्षांचे. डोळे मिटून गात होते, त्यांना मी मधेच थांबवलं. पुन्हा गायले, पण तो रंग परत आला नाही. अजून सलतं ते मला.

तेव्हा जाड बुडाचा, मागं गरम हवा बाहेर टाकायला मोठी फट असलेला घ्या. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून उचलून ठेवा. गादीवर, सतरंजीवर कधीही ठेवू नका, हवा आत ओढायची जाळीच बंद होते. सहा महिन्यांनी आतली धूळ काढून घ्या. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी बसते, पंख्याच्या पात्यांवर थर चढतो.

दुसरी बाजूही बघा. जोरकस लॅपटॉपचा पंखा ओरडतो आणि कंडेन्सर माईक ते सगळं पकडतो. त्यावर उपाय जागेचा. कार्डिओइड माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून माईकची पाठ लॅपटॉपकडं करायची आणि लॅपटॉप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. यूएसबीची केबल तीन मीटरची चालते, पाच मीटरच्या पुढं ओढू नका.

आणि रेकॉर्डिंग रात्री किंवा पहाटे करा. छताचा पंखा बंद करावाच लागतो, दुपारी माणसं घामानं गळून जातात. पहाटे गळाही मोकळा असतो असं आमच्याकडचे जुने गाणारे म्हणतात. मला मात्र उलटा अनुभव आहे, रात्री नऊनंतर आवाज चांगला तापलेला असतो.

घाटनांदूर_पॅसेंजर:

मॅकबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडं २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे, वापरलेला घेतला. त्यात पंखाच नाही. मांडीवर घेऊन शेजारी माईक ठेवला तरी काही ऐकू येत नाही. इंटरफेस जोडला की चालतो, ड्रायव्हरची खटपट फारशी नाही. रेकॉर्डिंगचं गॅरेजबँड सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

वाईट बाजू अशी की रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावरच घट्ट. ८ जीबी घेतली तर आयुष्यभर ८ जीबी. शिवाय बिघडला तर कळंबला सोडा, लातूरलाही बोर्ड दुरुस्त करणारा शोधावा लागेल. मला एकदा की-बोर्डसाठी संभाजीनगरला दोन खेपा कराव्या लागल्या.

गंजगोलाई:

@घाटनांदूर_पॅसेंजर, तेच तर. पंखा नाही म्हणजे उष्णता जायला वाटही नाही. एसीच्या खोलीत तो उत्तम. पत्र्याखाली लांबलचक मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला बसलात की तोही हळू होणारच. फक्त रेकॉर्डिंगला मात्र तुमचं म्हणणं मान्य, आवाज न करणारं यंत्र ही मोठी सोय.

कंधारचा_किल्ला:

सध्या दुकानांत स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉपही दाखवतात, बॅटरी दिवसभर टिकते म्हणून. बॅटरी टिकते हे खरं. पण त्यांची जात वेगळी, एआरएमची. नेहमीचे प्रोग्राम त्यावर नक्कल करून चालतात, ड्रायव्हर मात्र नकलेवर चालत नाही, तो त्या चिपसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. तुमच्या इंटरफेसचा तसा ड्रायव्हर कंपनीनं काढलाय याची खात्री केल्याशिवाय हात लावू नका.

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. अजून दोन अडचणी. मित्राच्या लॅपटॉपवर आणि इंटरफेसवर एकदा करून बघितलं, तर सगळ्या ट्रॅकवर बारीक 'घूंऽऽ' असा आवाज. चार्जर काढला की बंद. आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. लॅपटॉप खराब आहे का?

दुसरं, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मित्र म्हणतो तो पेन ड्राइव्हवरून फुकट टाकून देतो.

पूर्णा_जंक्शन:

लॅपटॉप बरा आहे, घराचं अर्थिंग बघा. मुंग्या येतात तीच खूण. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५० असतात, तीच आणि तिच्या पटीतली घरघर आवाजात शिरते. जुन्या घरात तिसरी तार बहुतेक नावालाच असते, सॉकेटला तीन भोकं असतात पण मागं काही जोडलेलं नसतं. वायरमनला बोलावून तपासून घ्या. खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घेतलं की निम्मं दुखणं जातं, आणि घरातल्या माणसांच्या जिवालाही तेच बरं. कुणी सांगेल चार्जरची मोठी पिन तोडा, घरघर जाईल. अजिबात तोडू नका.

तोपर्यंत गाणं चालू असताना चार्जर काढून बॅटरीवर घ्या. म्हणून बॅटरी निदान तीन तास टिकणारी हवी, आणि विंडोजमध्ये बॅटरीवर असतानाही पूर्ण ताकदीचा पर्याय निवडून ठेवा, नाहीतर तो आपोआप मंदावतो. लाईट गेली तरी काम थांबत नाही, हा लॅपटॉपचा डेस्कटॉपपेक्षा आपल्याकडं सगळ्यात मोठा फायदा. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग करू नका, त्याची घरघर वेगळीच येते. साइन वेव्हचा चालतो.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल माझं स्पष्ट मत, घेऊ नका. त्यातून काय काय आत येतं ते कळत नाही, आणि तुम्ही जे साठवायलात ते परत मिळण्यासारखं नाही. रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, मग छोट्या वापरासाठीचा परवाना ६० डॉलरचा. हलकं आहे, जुन्या मशीनवरही पळतं. एफएल स्टुडिओ बीट बांधायला सुंदर आहे, मीही वापरतो, पण तासभराचा मेळा सलग उतरवून घ्यायला रीपरच सोपं पडतं.

जात्याची_घरघर:

दादा, मी तांत्रिक फार जाणत नाही, पण माझं ऐकून ठेवा. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी तीन उन्हाळे बसून घेतल्या होत्या. ती जातं ओढत गायची, कारण नुसतं बसून तिला आठवायचंच नाही. हात फिरला की ओवी यायची. सगळं एकाच लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. एका सकाळी तो चालूच झाला नाही. दुकानात नेला तर त्यांनी मला न विचारता विंडोज नवीन टाकून दिलं. तीन उन्हाळे गेले. आजी तोवर गेली होती.

एक गोष्ट वाचली. शेवटच्या उन्हाळ्यातल्या अकरा ओव्या मी मामेबहिणीला पाठवल्या होत्या, तेवढ्याच आज आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ते ऐकताना मला दर वेळी आजीच्या राहून गेलेल्या आठवतात.

लॅपटॉप कोणताही घ्या. पण पहिल्या दिवसापासून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडं आणि एक दुसऱ्या गावात, बहिणीकडं, कुणाकडंही. गाणं संपलं की त्याच रात्री उतरवायचं.

गंजगोलाई:

ताई, वाचून गलबलून आलं.

जागेचा हिशोब देतो म्हणजे भीती वाटणार नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो. आठ ट्रॅक धरले तर तासाला सव्वाचार जीबीच्या आत. शंभर तासांचा मेळा ५०० जीबीत बसतो. १ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या की वर्षानुवर्षं पुरतात. २४ बिटच ठेवा, कारण मग आवाज खालच्या पातळीवर घेतला तरी बिघडत नाही. हलगी शेकून ताणलेली असते, पहिला टिपरू पडला की काटा वर जातो. सगळ्यात जोराच्या ठेक्याला काटा उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं लावा आणि नंतर वाढवा. फाटलेला आवाज मात्र कुणालाच शिवता येत नाही.

घाटनांदूर_पॅसेंजर:

वापरलेला ऑफिसचा लॅपटॉप का नको? कंपन्यांतून सुटलेले, जाडजूड, झाकण उघडून रॅम बदलता येणारे. निम्म्या किमतीत मिळतात.

पूर्णा_जंक्शन:

चालेल, पण बॅटरी नवीन टाकायचा खर्च धरा. आणि त्यातले बरेचसे यू प्रोसेसरवाले असतात. डायरेक्ट मॉनिटरनं नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर तेही पुरे. पुढं मिक्सिंग करायचं असेल तर नवीन एचच. मांजराकाठ भाऊंना पुढचं करायचंय असं वाटतं, म्हणून मी नवीनच म्हणेन.

मांजराकाठ:

मंडळी, महिनाभरानं येतोय. घेतला.

दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. पहिल्या दोन लॅपटॉपवर वायफाय चालू असताना पट्टी लाल झाली. त्यातला एक त्यांनी मला सगळ्यात महाग म्हणून दाखवलेला होता. तिसरा हिरवाच राहिला, चार्जर काढूनही. सहा कोअरचा रायझन, शेवटी एच, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी आणि आत अजून एका एसएसडीची जागा. ग्राफिक कार्ड वेगळं नाही. ५० हजारांच्या थोडा आत पडला. उरलेल्यात वापरलेला चार माईकचा इंटरफेस, दोन डायनॅमिक माईक आणि दोन हार्ड डिस्क. बाकी दोन माईक मित्राचे. अर्थिंगचा खड्डा मामानं आणि मी मिळून खणला, मुंग्या बंद, घरघर बंद.

पहिलं रेकॉर्डिंग परवा रात्री झालं. माडीवर न करता खालच्या धान्याच्या खोलीत केलं. ज्वारीच्या पोत्यांची थप्पी तीन बाजूंनी आहे, आवाज घुमतच नाही. दारावर दोन गोधड्या अडकवल्या. लॅपटॉप उंबऱ्याबाहेर ओसरीवर ठेवला, केबल दाराखालून. थोरली मावशी आधी माईककडं बघून आखडली, हेडफोन तर तिनं डोक्याला लावूच दिले नाहीत. मग आईनं परडी आणून समोर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, आणि मावशीनं डोळे मिटले. सलग एक तास चाळीस मिनिटं गायली. मधे एकदा दम लागला, पाणी पिऊन परत सुरू. मी काही बंद केलं नाही, तिचा तो श्वासही आहे रेकॉर्डिंगमध्ये.

तेवीस गाणी झाली. त्यातली चार आईनंसुद्धा आधी ऐकलेली नव्हती. एक डिस्क घरी, दुसरी काल बहिणीकडं केजला पोचवली.

एक अडलंय. संबळाच्या मोठ्या तोंडाचा घुमारा छान आलाय, पण लहान तोंडाची कडकड मावशीच्या माईकमध्येही शिरलीय. मामांना लांब बसवलं की ते म्हणतात तिच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय मला वाजवता येत नाही. काय करू?

गंजगोलाई:

मामांचं बरोबर आहे, त्यांना लांब बसवू नका. समोरासमोरच बसवा. मावशींच्या माईकची पाठ नेमकी संबळाकडं येईल असा फिरवा आणि माईक त्यांच्या तोंडापासून एक वीत ठेवा, हातभर नको. दोघांच्या मध्ये कमरेएवढी पोत्यांची एक थप्पी लावा, तोंड दिसलं पाहिजे पण संबळ दिसता कामा नये. शनिवारी मी कळंबला येतोच आहे, माझा एक माईक घेऊन येतो. रात्री किती वाजता बसता?

मांजराकाठ:

जेवणं झाल्यावर, नऊला. या दादा, जेवायलाच या.